मिशा हलत होत्या

बुधवार, १२ फेब्रुवारी, चिंचवड

डोक्यातून जातच नाहीये. ती डॅफ्निया, पाण्यातली एवढीशी पिसू, पोहत नव्हती. पण तिच्या मिशा हलत होत्या.

चाकणचे पवारकाका आज स्वतः लॅबमध्ये आले. पार्ट्स धुवायचं केमिकल बनवतात. ते मिसळलेल्या पाण्यात पुरेशा पिसवा जगल्या तर टेस्ट पास, आणि टेस्ट पास झाली की मोठ्या कंपनीची ऑर्डर पक्की, आणि पास व्हायला फक्त एक पिसू कमी पडत होती. ही. मी बीकर हळूच हलवला, थांबले. पोहली नाही. नियम क्लिअर आहे, पोहत नसेल तर गेली असंच धरायचं, मिशा हलल्या तरी.

काका भिंगातून बघून ओरडलेच, "ओ मॅडम, हलतीये की! मेली कुठं?"

"काका, पोहत नाहीये ना."

"माझा बाप सहा महिने अंथरुणात होता. पोहत तर तोबी नव्हता. मग काय, तेव्हाच जाळायचा?"

मला हसू आलं, पण लगेच आवरलं. फेल लिहिलं. नदीत न पोहणारी पिसू मासा लगेच खातो, हे सांगायला हवं होतं. काका चहा न घेताच गेले.

नंतर मी तिला ड्रॉपरने स्वच्छ पाण्यात सोडलं. का पण? रिपोर्ट तर बदलणार नाहीये. मिशा तेव्हाही हलत होत्या. सकाळी ती मस्त पोहताना दिसली तर? काकांना काय सांगू?

लिहायला लाज वाटतेय, पण ती सकाळपर्यंत मरावी असं मला वाटतंय.