पलीकडून आणलेली बाटली

प्रिय नासिलेले,

सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. चहा गार झाला. तिकडे लुसाकात थंडी पडायला लागली असेल. इथे अजून सगळं मैदान पाण्याखाली आहे. पलीकडे मोंगू शहरात जायचं तर होडीच.

गेल्या गुरुवारी वरच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पानातले रंग वेगळे करायचे: कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीची रेघ, रेघेवर कसाव्याच्या पानाच्या रसाचा ठिपका आणि पट्टीचं टोक द्रावणात. आदल्या दिवशी कपाट उघडलं तर द्रावणाची बाटली कोरडी. बूच सैल राहिलेलं. साध्या पाण्यात ते रंग चढत नाहीत. मग सुचलं, नखांचा रंग काढायचं पाणी चालेल, पण ते मिळणार मोंगूच्या पार्लरात. होडीवाला आहे ना, सित्वाला नाव त्याचं, तो म्हणाला, “मी आणतो. पण पार्लरवाली विचारेल, म्हातारपणी नखं कुणासाठी रंगवतोस, तर काय सांगू?” मी म्हटलं, “सांग, मॅडमनी पाठवलंय.” “मग तर गावभर होईल,” म्हणाला आणि वल्हं उचललं.

दुपारी वारा सुटला. मी वर्गात जायची, परत काठावर यायची. म्वांगाला म्हणून एक आगाऊ पोरगी आहे वर्गात. ती म्हणाली, “मॅडम, वाट बाटलीची बघताय की माणसाची?” तिला ओरडले आणि तिथेच उभी राहिले. तुझ्या बाबांची होडी अशाच वाऱ्यात उलटली होती. परीक्षा गेली खड्ड्यात, असं मनात म्हणत होते.

ऊन कलल्यावर तो आला. ओलाचिंब, बाटली शर्टात बांधलेली. “आलोय, मॅडम,” एवढंच हळू म्हणाला.

गुरुवारी रंग चढले. हिरव्या ठिपक्यातून सगळ्यात वर पिवळा निघाला, खाली निळसर हिरवा, मग पोपटी. पोरी एकमेकींच्या पट्ट्या ओढून बघत होत्या. माझं लक्ष खिडकीबाहेर.

नासिलेले, रविवारी त्याने मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. परवानगी मागत नाहीये, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळायला नको. तुला राग येईल. रागावूनच ये, पण ये. तो म्हणतो, पाणी ओसरेपर्यंत थांबू, म्हणजे पोरीला होडीत बसावं लागणार नाही. बाबा गेल्यापासून तू होडीत पाय ठेवलेला नाहीस, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

तुझीच,
आई