तव्यावरची भाकरी आणि फोनवरचं 'बंद'

रविवार, संध्याकाळ

आजही आमच्या खानावळीत नागलीच्या भाकऱ्या उरल्या. शिरपामाळ बघून आलेल्या एका बाईंनी फोनमधला नकाशा बघत मलाच विचारलं, "ताई, इथली खानावळ कायमची बंद झाली ना?" तव्यावर भाकरी फुगलेली, ती दिसत नाही? म्हटलं, "हीच ती, बसा." तर त्यांचा नवरा गाडीतूनच, "चल, बंद खानावळीत शिळंच वाढतील." शिळं! तव्यावरची भाकरी शिळी?

पण बोलू कुणाला? सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस शटर खाली होतं. गिऱ्हाइकाला हेलपाटा नको म्हणून आमच्या ह्यांनीच फोनच्या नकाशावर 'बंद' दाबलं. ते कायमचंच निघालं. आता म्हणतात, "नकाशावाल्यांना दोनदा कळवलंय गं, उघडतच नाही."

आमचं सुतक तेराव्याला फिटलं. फोनचं कधी फिटणार?