हजारावरची चोवीस

बाबा,

काल फोटो साठवायला डिस्क घेतली. खोक्यावर पाचशे जीबी लिहिलंय, कॉम्प्युटर चारशे पासष्टच दाखवतो. कारण मला ठाऊक आहे. विकणारे हजाराला हजार धरतात आणि कॉम्प्युटर त्याच हजाराला एक हजार चोवीस धरतो. मी हसले. मग लक्षात आलं, नागपूरच्या बेसा भागातल्या या फ्लॅटमध्ये हे सांगायला कुणी नाही. फार एकटं वाटलं.

ऐंशीच्या दशकात मी एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात नवीन लागले, तेव्हा हे तुम्हालाच जेवताना समजावलं होतं. एकाचे दोन, दोनाचे चार असं दुप्पट करत गेलं की नेमकं हजारावर थांबता येत नाही, पाय एक हजार चोवीसवरच पडतो. तुम्ही संत्र्याचे दलाल. तुम्ही गिऱ्हाइकाला दर शेकड्यावर चार नग वरचे द्यायचात, सडक्या-दबक्यापोटी. तुम्हाला वाटलं, ही चोवीसही तशीच. ‘म्हणजे मशीन सचोटीची हाये वं,’ म्हणालात. मला हसू आवरेना.

मग तो रविवार. मुलाकडचे इतवारीच्या आपल्या खोलीत मला बघायला आलेत. पोहे खाता खाता मुलाचे वडील विचारतात, ‘किलोबाईट म्हणजे किती वं?’ मी म्हणते, एक हजार चोवीस बाईट. ते मोठ्यानं हसतात, मुलगाही मान खाली घालून हसतो. ‘किलो म्हणजे हजार. पोरीले मोजता येत नाही काय?’

तुमचा चेहरा लाल. ‘मोजता येते जी. आमी शेकड्यावर चार देतो, ते हजारावर चोवीस देऊन राहिली. तुमी निस्तं हजारच मोजत असान, तं आमी पोट्टी कायले देऊ?’

झालं. पोहे तसेच ठेवून मंडळी उठली. त्यानंतरही स्थळं आली, पण माझं मन कुठे बसलं नाही. तुम्ही मात्र हा किस्सा शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिलात, पोरीची लाज राखली म्हणून. मी चहा ओतत हसायचे. तुमचा आनंद मोडवत नव्हता.

बाबा, त्या दिवशी मुलगा माझ्यावर हसत नव्हता. आपल्या वडिलांची हजाराची चूक त्याला कळली होती, आणि मान खालीच ठेवून, डोळे तेवढे वर करून तो माझ्याकडे बघून हसला होता. मला तो आवडला होता. तुम्ही असता, तरी हे पत्र मी तुमच्या हाती दिलं नसतं.