थि ऱ्हस्व, नी दीर्घ

अण्णा,

मायना लिहीत नाही. काहीही लिहिला असता तरी तुम्ही त्यात चूक काढली असतीत, आणि तुम्हाला तीर्थरूप म्हणायची माझी इच्छा नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. काल धाकट्याचा बंगळूरहून फोन आला होता. त्याच्या मुलीला शाळेत आजोबांविषयी काहीतरी लिहून न्यायचं आहे, तर अण्णा कसे होते ते आत्यानं सांगावं, असं त्याचं म्हणणं. वर म्हणाला, "अण्णांना शिक्षणाची किती कदर होती, तेवढं नक्की सांग." मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. त्या मुलीला काय सांगायचं ते मी बघेन. तुम्हाला मात्र खरं सांगते, कारण आता तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात आईची उजवी बाजू गेली. आपण हडपसरच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून म्हणालात, एक वर्ष घरी राहा, आई उठली की परत जा. मी दहा वर्षांची होते आणि मला ते पटलं होतं. आई उठली नाही. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, तुमचा आणि धाकट्याचा डबा करायचा, यात पाचवी गेली, मग सहावी गेली. धाकटा माझ्या मागे दोन वर्षं होता, तो जून आला की एकेक इयत्ता पुढे सरकायचा आणि त्याच्या पुस्तकांना कव्हरं मी घालायचे. तिसऱ्या वर्षी आई गेली. तोवर मी तुमच्यावर रागावलेली नव्हते, हे मुद्दाम नोंदवते. घरात आजारपण होतं, बाई ठेवण्याची ऐपत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्या तीन वर्षांचा जाब मी आजही विचारत नाही.

राग त्यानंतरचा आहे. आईच्या वर्षश्राद्धाला मामा आला होता. जेवणं झाल्यावर त्यानं तुम्हाला विचारलं, आता पोरीला शाळेत कधी घालताय? मी आत चहा गाळत होते. तुम्ही सुपारी कातरत होतात, अडकित्त्याचा आवाज थांबला आणि तुम्ही म्हणालात, "आम्ही सांगून थकलो. तिलाच गोडी नाही." मामा हळहळला. म्हणाला, एकेका मुलाला नसते आवड. मी चहा घेऊन बाहेर आले, तर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की बाळ, शिकावं गं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. अगदी शांतपणे. मी काही बोलणार नाही याची तुम्हाला खात्री होती, आणि मी बोलले नाही. अण्णा, तुम्ही मला शाळेतून काढलंत ते एक वेळ सोडून देईन. पण ते माझ्या नावावर टाकलंत.

खालच्या मजल्यावर बाइंडिंगवाले राहायचे, तुम्हाला आठवत असतील. तुम्ही त्यांच्या दारावरून जाताना कधी मान वळवली नाहीत. दर मे महिन्यात त्यांच्याकडे जुन्या शालेय पुस्तकांचे गठ्ठे यायचे, वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना विकायची आणि ते बांधून घ्यायचे. त्यांची बायको, आमची चाची, घरातच खळ शिजवायची, पुठ्ठे कापायची. मी तिला मदत करायला जाते, असं तुम्हाला सांगितलं होतं. मदत करतच होते. पण खळ वाळेपर्यंत पुस्तकं वजनाखाली ठेवायची असतात, आणि त्याआधी ती उघडी असतात. चाचीला वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, "मोठ्यानं वाच बेटा, मलाही कळू दे काय बांधतेय ते." अशी मी पाचवी वाचली. मग सहावीचा इतिहास, सातवीचा भूगोल, सगळं उलटसुलट, गठ्ठ्यात जे वर असेल ते आधी. तिची मुलगी तेव्हा नववीत होती. अपूर्णांक तिनं शिकवले, आणि इंग्रजी तर अगदी ए बी सी डीपासून, कारण माझी शाळा सुटली तेव्हा आमच्याकडे इंग्रजी सुरूच झालं नव्हतं. दुपारी धुणंभांडी उरकून चार ते सहा मी तिथे बसायचे आणि तुमची सायकल वाजली की जिन्यानं वर पळायचे. दोन वर्षं तुम्हाला पत्ता लागला नाही.

चौथं वर्ष संपलं तेव्हा चाचीच मला मुलींच्या शाळेत घेऊन गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी तासभर प्रश्न विचारले, शुद्धलेखन घातलं, गणितं दिली आणि म्हणाल्या, वय वाढलंय पण घेते हिला सातवीत. शनिवारपर्यंत अर्ज आण, वडिलांच्या सहीचा. सोमवारी संध्याकाळी मी तुमच्यापुढे अर्ज ठेवला. तुम्ही चष्मा लावलात. ऑफिसातले लोक आपापले मसुदे तुमच्याकडून तपासून घ्यायचे, तसाच तुम्ही तो वाचलात. मग लाल पेन काढून एका शब्दाखाली रेघ मारलीत. मी 'विद्यार्थीनी' लिहिलं होतं. "थि ऱ्हस्व, नी दीर्घ," तुम्ही म्हणालात. "जिला विद्यार्थिनी लिहिता येत नाही, तिनं ती होऊ नये. पुन्हा लिही." मंगळवारी मी पुन्हा लिहिला, तर 'परिक्षा' सापडलं. बुधवारी एक अनुस्वार. गुरुवारी समास कमी सोडला होता. शुक्रवारी तुम्ही पेनसुद्धा काढलं नाहीत, नुसतं म्हणालात, "घाई दिसते अक्षरात." शनिवारी शाळेचं ऑफिस बारा वाजता बंद झालं. तुम्ही पाच दिवसांत एकदाही नाही म्हणाला नाहीत, अण्णा. कोणी विचारलं असतं तर तुम्ही खुशाल सांगितलं असतंत की मी कुठे अडवलं?

त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही, पण त्या वर्षात कधीतरी मी ठरवलं की याची परतफेड करायची. कशी, ते माहीत नव्हतं. चौदा वर्षांची मुलगी काय करणार. मी पुढच्या जूनचा अर्ज लिहायला घेतला. वर्षभर. त्यातला प्रत्येक शब्द चाचीकडच्या छापील पुस्तकांत शोधला आणि जो छापलेला सापडला नाही तो वापरलाच नाही. जून आला. तुम्ही तो अर्ज खिडकीशी उभं राहून तीन वेळा वाचलात. मी तुमच्या पेनाकडे बघत होते. शेवटी तुम्ही सही केलीत आणि म्हणालात, "पोळ्या करून जायच्या." एवढंच. बाईंनी पुन्हा परीक्षा घेतली आणि मला आठवीत बसवलं. माझ्याबरोबरच्या मुली त्या वर्षी दहावीला होत्या. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर वर्गशिक्षिकेनं विचारलं, "कोणाला सोडायला आलीस?" मुली हसल्या. नंतर त्या मला ताई म्हणू लागल्या, वर्षभर, एकीलाही माझं नाव माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही. माझे गुडघे बाकात मावत नव्हते. इंग्रजीच्या तासाला मी सगळं देवनागरीत लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी चाचीच्या मुलीकडून उलटवून घ्यायचे. पहिल्या चाचणीत इंग्रजीत नापास झाले. प्रगतिपुस्तकावर सही करताना तुम्ही म्हणालात, "सवय होईल." कशाची, ते मी विचारलं नाही. सहामाहीला पास झाले.

धाकटाही त्याच वर्षी त्याच्या शाळेत आठवीत गेला होता, म्हणजे आम्ही दहावीला एकदमच बसलो. मला फर्स्ट क्लास मिळाला, त्याला सेकंड. तुम्ही पेढे आणलेत, वरच्याखालच्या घरांत वाटलेत, अगदी चाचीकडेसुद्धा द्यायला सांगितलेत. शेजारच्या काकांनी मला जास्त मार्क पडल्याचं कौतुक केलं. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "तिला अभ्यासाला वर्षंही जास्त मिळाली ना." सगळे हसले. बोलणं धारदारच असायचं तुमचं. मीही हसले, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन खाली गेले. चाचीनं एक पेढा मोडून माझ्या तोंडात घातला आणि स्वतः रडत बसली. त्या इमारतीत माझ्या शिक्षणासाठी रडलेलं ते एकच माणूस, आणि ते आपल्या घरातलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बी.ए. केलं, लग्न झालं, एका प्रकाशनाकडे मुद्रितशोधनाचं काम मिळालं. शालेय मार्गदर्शिका तपासते. चुका काढते. मग तुमचे डोळे गेले. काचबिंदू, आधी डावा, मग उजवा. धाकट्याला बंगळूरला जागा लहान पडत होती, म्हणून तुम्ही धायरीला माझ्याकडे आलात. माझ्या नवऱ्यानं तुमच्यासाठी त्याची खोली रिकामी केली. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, त्यात मी कुठेही कमी पडले नाही. पण तुमचा एक छंद होता. निवृत्तीनंतर तुम्ही वर्तमानपत्राला पत्रं लिहायचात, रस्ते, भोंगे, पाट्यांवरचं अशुद्ध मराठी, आणि ती छापून यायची. इथे आल्यावरही सिंहगड रोडवर फिरायला जाणारे तुमच्या वयाचे चार लोक तुम्हाला त्यामुळे ओळखायचे. आता लिहिता येईना, तर तुम्ही मला सांगू लागलात आणि मी उतरवून घेऊ लागले. दर सोमवारी एक. तुम्ही सांगायचात तेव्हा ऱ्हस्वदीर्घही सांगायचात. मी पाकिटात घालायचे, पत्ता मोठ्यानं वाचून दाखवायचे, टाकते म्हणायचे. आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे.

दोन वर्षं, अण्णा. एकही गेलं नाही. रोज सकाळी चहाबरोबर मी तुम्हाला वाचकांची पत्रं वाचून दाखवायचे, सगळी, नावांसकट. तुम्ही कान देऊन ऐकायचात. शेवटचं नाव झालं की मी म्हणायचे, "तुमचं नाही आलं." त्या तीन शब्दांची मी आदल्या दिवसापासून वाट बघायचे. पहिले काही महिने तुम्ही म्हणालात, संपादक बदललेला दिसतोय. मग म्हणालात, हल्ली यांना भाषेची चाड नाही. मग एकदा, खूप वेळ कप हातात धरून, तुम्ही विचारलंत, "तुझ्याकडून काही चुका तर राहत नाहीत ना?" मी म्हणाले, "राहत असतील. चौथीनंतर घरीच होते ना मी." कप खाली ठेवताना बशीवर नीट बसला नाही. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी ऑफिसला जाताना मी बसमध्ये उभ्याउभ्या हसत होते.

पुढच्या सोमवारी मी वही घेऊन बसले तर तुम्ही हात हलवलात. "राहू दे. मला आता जमत नाही वाटतं." त्यानंतर तुम्ही एकही पत्र सांगितलं नाहीत. फिरायला जाणंही सोडलंत, त्या चौघांनी विचारलं तर काय सांगणार. आठ महिन्यांनी गेलात. लोक म्हणाले, मुलीनं सेवा केली. मी त्याला नाही म्हणाले नाही. मला पश्चात्ताप होत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे. तुम्हाला त्या कप्प्याचा पत्ता लागला होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही, आणि तेवढं एक मला सलतं. लागला असता तर मला जास्त आवडलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकते. एक पत्र मी पाठवलं होतं. सार्वजनिक वाचनालयं दुपारी बंद ठेवतात, त्याविषयी तुम्ही सांगितलेलं. फार चांगलं झालं होतं ते, ठेवून देववेना. मी तुमच्याऐवजी माझं नाव घातलं आणि पाठवलं. पंधरा दिवसांत छापून आलं. त्या सकाळी मी तुम्हाला बाकीची सगळी वाचून दाखवली आणि ते गाळलं. ऑफिसात गेले तर आमचे ज्येष्ठ संपादक कात्रण घेऊन माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, इतकी स्वच्छ भाषा हल्ली वाचायला मिळत नाही, कुठे शिकलात? मी म्हणाले, "घरीच."