नव्या मुखवट्यांना कुंकू

खंडेनवमी, संध्याकाळ

आज अग्निशमन केंद्रात धुरात घालायचे नवे मुखवटे पूजेला मांडले होते. यांच्या मुखवट्याचं रबर चिरलेलं होतं. वाळूजच्या आगीत त्यातूनच धूर आत गेला अन् हे परत आले नाहीत. तोच मुखवटा घेऊन मी वर्षभर साहेबांच्या दारात बसले, तेव्हा कुठं सगळे जुने बदलले.

पूजेचा मान मला दिला, तेव्हा कुणीतरी पुटपुटलं, "विधवेच्या हातानं कुंकू?"

यांच्या जोडीचे शेखभाई गरजले, "भाभी नसत्या तर पूजा कशाची केली असतीस, तुझ्या टकलाची?"

सगळे हसले. मीसुद्धा.

कुंकू लावताना रबर दाबून पाहिलं. मऊ, एकही चीर नाही. हे असते तर... असो. आता ही माणसं धुरातून घरी येतील.

कुंकवाचं बोट अजून धुतलेलं नाही.