भिंत वाळेपर्यंत

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १७८७

प्रिय सिंधू,

तीन महिने तुला पत्र नाही, त्याची क्षमा मागतो. ‘चि. सौ.’ लिहून सुरुवात करायची हाताला सवय. श्रावणात जावई कमलाकांतराव पटकीने गेले आणि माझी लेखणी पहिल्याच ओळीशी अडत राहिली. हे कारण खरे आहे, पण पुरते खरे नाही.

तुझ्या लग्नाच्या वैशाखात कापसाच्या पैशाने गावातल्या भिंती रंगल्या होत्या. कोणाच्या ओसरीवर आगगाडी, कोणाच्या माजघरात टोपीवाला साहेब. मी साधा शाळामास्तर, पण मलाही राहवले नाही. सूर्यभान चिताऱ्याने आपल्या माजघरात अंबारीचा हत्ती काढला आणि खाली तुम्हा दोघांची नावे मी माझ्या हाताने लिहिली. हत्तीचा डोळा तू भरलास. लहानपणी हळदीत चुना कालवून लाल रंग करायचीस, त्या दिवशी निळीत काजळ घोटून असा काळा केलास की सूर्यभान म्हणाला, “मास्तर, पोरगी माह्या हाताखाली द्या, सासरी काहून धाडता?” तू किती वेळ हसत होतीस. त्याला मी गेरू नि डिंक वापरू दिला नाही. ते चित्र दिवाळीच्या चुन्याखाली जाईल म्हणून सगळे रंग जवसाच्या तेलात घोटायला लावले. “भितीले तेल पाजू नका,” तो म्हणाला, “मंग तिच्यावर चुना बसत नाई.” मला तेच हवे होते.

भाद्रपदात अकोल्याहून, सासरहून तुझा निरोप आला, ‘नाना, मला घेऊन जा.’ त्या भिंतीसमोर तुला आणून बसवायचे कसे, म्हणून मी आधी चुना दिला. तो वाळला आणि पापुद्रे होऊन गळला. मग दुसरा हात, तिसरा. दर वेळी आधी तुझा तो डोळा बाहेर यायचा, मागाहून नावे. अकोल्याच्या गाडीवानाबरोबर मी सांगून पाठवले, भिंत वाळली की येतो. अखेर गिलावाच फोडला. आता तिथे हत्तीएवढी उघडी माती आहे. तिच्याकडे पाहिले तरी हत्तीच दिसतो.

आज सकाळी रोजनिशी चाळली. सात ठिकाणी ‘चुना’ लिहिले आहे, ‘अकोला’ एकदाही नाही. मी भिंतीला भ्यालो, की केस राखलेली विधवा मुलगी घरी आणली म्हणून लोक काय म्हणतील त्याला? पुण्याच्या कॉलेजात पुनर्विवाहाच्या बाजूने निबंध लिहिणारा मीच. तुझी आई हयात असती तर तिने निरोप आला त्याच दिवशी गाडी जुंपायला लावली असती.

मी गेल्या आठवड्यात जुंपली. तुझ्या घराला कुलूप होते. शेजारच्या मनकर्णाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, “आता काहून आले मास्तर? काशीले नेली तिले सासूनं. तिथंच ठेवतो म्हने. पोरगी रोज या ओट्यावर बसून राहे. मले म्हने, भीत वाळली की नाना येतीन.” काशीत कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हते. सिंधू, तुझा निरोप आला त्या दिवशी भिंत कोरडीच होती. एवढे तुला सांगायचे होते, आणि लिफाफ्यावर पत्ता काय घालावा ते मला कळत नाही.

तुझाच,
नाना

रोजनिशीत, उद्यासाठी : काशीला जाणारे कोणी आहे का, अंबादेवीच्या देवळात विचारणे.