मला आठवत नाही

२ नोव्हेंबर, बारामती
उन्हाळ्याची सुट्टी होती. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून कारखान्याच्या कॉलनीत घरी आलेली. विजयसिंह, सिद्धू आणि मी कालव्याच्या कठड्यावर बसून कैरी खात होतो — तिघांत एक, मीठ सिद्धूच्या खिशात. कारखान्याचा भोंगा झाला तरी कोणी उठलं नाही. पन्नास वर्षं होऊन गेली. आज भाजी निवडताना उगाच आठवलं.

सकाळी फोनवर दोघांचंही ‘शुभ सकाळ’ आलं. वेगवेगळ्या दारांनी.

५ नोव्हेंबर
श्रेयाने, माझ्या भाचीने, फोनवर पुन्हा समजावलं. कॉलनीवाल्यांचा आधी एकच ग्रुप होता. जाहिराती फार येतात म्हणून तो मोडला. विजयसिंहच्या मुलाने, सौरभने, स्वतःचा सर्व्हर उभा केला, इंदापूरकडच्यांनी सिद्धूला पुढे करून दुसरा. “मावशी, प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक गाव. ज्याचा त्याचा पाटील. पण गावागावांत रस्ता असतो, इकडचं तिकडे दिसतं.” मग सिद्धूचं विजयसिंहला का दिसत नाही, विचारलं. म्हणाली, विजयसिंहमामांनी रस्ता बंद केलाय. पाटलाला तेवढं करता येतं.

दोन्ही गावांत घर असलेली मी एकटीच. यांचे फोटो तिकडे, त्यांचे इकडे नेऊन टाकते. मध्ये आठवडाभर आजारी पडले, तर कारखान्याच्या स्टोअरमधले अप्पा गेल्याचं विजयसिंहकडे कळलंच नाही. चौथ्या दिवशी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा — केकच्या चित्रासकट!

७ नोव्हेंबर
हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. एकवीस.

९ नोव्हेंबर
रस्ता का बंद झाला ते इथे तरी लिहावं. गणपतीत सिद्धूने लिहिलं होतं — क्लबात साहेबांची पोरं कॅरम खेळायची, आम्ही फिटरची पोरं पायरीवर. विजयसिंहला ते लागलं. क्लब त्याच्या वडिलांनी चालवलेला. कोणी अडवलं, नाव सांग, म्हणाला. सिद्धूने सांगितलं नाही.

अडवणारी मी होते. तेरा वर्षांची. “तू बाहेर थांब.” एवढंच. इतकं सहज, की विजयसिंहने सोंगटीवरून नजरही उचलली नाही. सिद्धूने चपला घातल्या आणि पायरीवर बसला. मी आत जाऊन खेळले.

१२ नोव्हेंबर
आज विजयसिंहने त्याच्या गावात सगळ्यांसमोर मला विचारलं. “राजलक्ष्मी, तू तर होतीस. असं काही व्हायचं का? तू सांगशील ते मान्य. मी चुकलो असेन तर आजच रस्ता उघडतो.”

तासभर फोन मांडीवर. मग लिहिलं — मला आठवत नाही.

खाली एकवीस जणांनी हात जोडले.

१३ नोव्हेंबर
सिद्धूचं शुभ सकाळ नाही.

१४ नोव्हेंबर
नाही.

१६ नोव्हेंबर
सिद्धूचा फोन. कोणीतरी माझं वाक्य त्याला दाखवलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. विहिरीवरच्या पंपाच्या जळलेल्या मोटारीचं बोलला, नातीच्या बारशाचं बोलला. ऑपरेशनला सोबत कोण, विचारलं. श्रेया, म्हटलं. तेवढ्यावर मी फोन ठेवणार, तर म्हणाला, “ताई, वाईट वाटून घिऊ नगंस. मी बी तुजं नाव कुठं सांगितलंय? न्हाय सांगणार. तितं विजयसिंहाकडं तुजं तेवढंच तर घर हाय.”

नंतर दोन्ही गावं उघडून बसले. कुणाचंच काही नवीन नव्हतं.

१९ नोव्हेंबर
श्रेया, उद्या पुण्याला निघायचं, म्हणून हे तुझ्यासाठी. आईची पैठणी आणि कुड्या तुला. कॉलनीचे फोटो, सगळे, सिद्धूला — फिटरच्या घरात कॅमेरा नव्हता. ही वही विजयसिंहला. नऊ तारखेचं पान त्याने सगळ्यांना दिसेल असं टाकावं, माझ्या नावासकट.

मी परत आले तरी.